डबीतला खोकला

सभ्य माणसं लाळ देतात आणि आजारी माणसं बेडका देतात, असं डॉक्टरीणबाई नव्या कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगायच्या. नवी पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. त्या मात्र हसायच्या नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने हा विनोद नव्हताच. क्षयाचे जंतू शोधायचे तर छातीच्या तळापासून खाकरून काढलेला घट्ट बेडका हवा. पण भल्या घरच्या माणसासमोर प्लास्टिकची डबी धरली की तो बिचारा लाजतो, पाठ फिरवतो, तोंडातली स्वच्छ लाळ डबीत सोडतो आणि उपकार केल्यासारखी ती परत करतो. अशी डबी आली की बाई ती उजेडात धरून बघायच्या. "यात फक्त या गृहस्थाचे संस्कार सापडतील," असं म्हणून पुन्हा त्याच घरी पाठवायच्या.

काम सोपं वाटावं असं होतं. शहराच्या एका भागात किती जणांना क्षय आहे, आणि त्यातल्या किती जणांना त्याचा पत्ताच नाही, हे मोजायचं. घरोघरी जाऊन माणसांची नोंद करायची. गल्लीच्या तोंडाशी यंत्र बसवलेली गाडी उभी असायची, तिथे मोठ्या माणसांच्या छातीचा फोटो काढायचा. ज्याच्या फोटोत डाग दिसेल किंवा जो जुना खोकला कबूल करेल त्याच्याकडून दोन डब्या घ्यायच्या, एक तिथल्या तिथे आणि दुसरी सकाळी उठल्या उठल्या घरी भरलेली. प्रश्नावली बाईंनी स्वतः लिहिली होती. एकेका शब्दावरून त्या समितीतल्या मोठमोठ्या लोकांशी भांडल्या होत्या आणि बहुतेक वेळा जिंकल्याही होत्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांना मनातून आवडायची.

तर त्या सर्वेक्षणात एका घरापाशी घोडं अडलं.

घर शाळेच्या बसवरच्या एका ड्रायव्हरचं. मुलं त्याला ब्रेककाका म्हणायची, कारण तो एखाद्या मांजरासाठीसुद्धा गाडी उभी करायचा. खोकला आहे का, या प्रश्नाला त्याने प्रामाणिकपणे हो म्हटलं. सिगारेट ओढणाऱ्याचा तो सकाळचा खोकला. वर्षानुवर्षं सोबत असलेला. नियमाप्रमाणे दोन डब्या घेतल्या. तिथल्या तिथे दिलेली पहिली डबी म्हणजे नुसतं पाणी. सकाळची दुसरी डबी मात्र अशी निघाली, की प्रयोगशाळेतल्या माणसाने यंत्राचा निकाल दोनदा वाचला. जंतू होते, आणि थोडेथोडके नव्हते.

ब्रेककाकाला जवळच्या दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. शाळेने त्याला बरा होईपर्यंत घरी बसवलं. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पण त्याच्या छातीचा फोटो धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ होता.

बाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. एवढे जंतू ज्या छातीतून येतात त्या छातीत कुठेतरी खळगा, डाग, निदान धुकं तरी दिसायला हवं. डब्यांची अदलाबदल झाली असावी म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत चौकशी केली. डबीवर नाव देतानाच चिकटवलेलं होतं आणि त्या दिवशी आलेल्या बाकी सगळ्या डब्या जंतूंवाचून कोऱ्या होत्या, म्हणजे कोणाचे जंतू याच्या डबीत जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी त्याच्या बायकोचा फोटो काढून पाहिला. तोही स्वच्छ. नोंदीप्रमाणे घरात माणसं तीन: नवरा, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. दीड वर्षाचं पोर काही बेडका काढून देत नाही.

"मग हे आलं कुठून?" बाईंनी विचारलं.

समोर त्यांचा आकडेतज्ज्ञ बसला होता. त्याला कार्यालयात सगळे टक्केवारी म्हणत. माणूस हुशार, पण जगातली कुठलीही गोष्ट त्याला तक्त्याच्या चौकटीत बसेपर्यंत चैन पडत नसे.

"मॅडम, आपल्या तक्त्यात काय होतं? एक रुग्ण," तो म्हणाला. "डबी नवऱ्याची असो की शेजाऱ्याची, रुग्ण एकच. टक्का हलत नाही."

"टक्का हलत नाही हो, पण जंतू हलतात. त्या घरात दीड वर्षाची पोर आहे."

टक्केवारीने तक्ता मिटला. या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं की मोठ्या माणसाला हा आजार महिनोन्‌महिने खेळवतो, पण लहान मुलांना तेवढी सवड देत नाही. ब्रेककाका गोळ्या खातोय म्हणून सगळे निर्धास्त होते. पण जंतू त्याचे नसतील, तर ज्याचे आहेत तो गोळ्यांवाचून त्याच हवेत श्वास सोडत होता. आणि ती पोर तोच श्वास घेत होती.

प्रमुखाने स्वतः घरी जायची पद्धत नव्हती. बाईंनी पर्स उचलली, घरोघरी डब्या गोळा करणाऱ्या मुलीला बरोबर घेतलं आणि निघाल्या. या मुलीला कार्यालयात डबीवाली म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर बाईंनी कठडा धरला आणि फुप्फुसांवर आयुष्यभर भाषणं देणाऱ्याने जरा चालायलाही हवं होतं, असं स्वतःलाच सुनावलं. "मॅडम, थांबू या का?" डबीवालीने विचारलं. "थांबायला काय झालंय?" म्हणत त्या वर निघाल्या.

ब्रेककाका बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंगावर बसला होता. खिडकी सताड उघडी, तोंडाला मास्क, शेजारच्या स्टुलावर त्याचा वेगळा पेला आणि वेगळी ताटली. खोली कशी, अगदी आरोग्य खात्याच्या चित्रातल्यासारखी होती. बोलायला माणूस मिळाला म्हणून तो इतका खुलला, की बाईंना प्रश्न विचारायला जागाच मिळेना.

"गोळ्यांची एक वेळ चुकवली नाही, डॉक्टरबाई. लघवी अशी केशरी होते, की गाडीचा इंडिकेटर लावल्यासारखं वाटतं. पण तब्येत म्हणाल तर आधी होती तशीच. आधीही मला काही होत नव्हतं, आताही होत नाही."

"वजन?"

"वाढलंय. दिवसभर बसून दुसरं काय होणार?"

त्याची बायको पाणी घेऊन आली. नवऱ्यापासून दोन हात अंतर राखून उभी राहिली आणि अभिमानाने सांगू लागली, "तुमच्या लोकांनी सांगितलं ते सगळं तंतोतंत पाळतो आम्ही. ठकीला तर यांच्या वाऱ्यालासुद्धा उभी करत नाही. ती दारातून बाबा बाबा करते, हे इथून हात हलवतात. जीव तुटतो, पण करायचं काय?"

ब्रेककाकाने मान खिडकीकडे वळवली.

"मग ठकी असते कुठे?" बाईंनी विचारलं.

"आत, आईकडे. दिवसरात्र तिच्याच कुशीत. आई आहे म्हणून निभावतंय बघा सगळं."

"कोणाची आई?"

"माझी."

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. त्या उठल्या आणि परवानगीची वाट न बघता आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या.

खोली लहान होती. पोरीला वारा लागू नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली, वर पडदा. जमिनीवर गादी घालून एक बाई बसली होती. खांद्याची हाडं वर आलेली, गाल आत गेलेले, पण चेहरा हसरा. तिच्या मांडीवर गुबगुबीत ठकी. आजी भाताचा एकेक घास फुंकून फुंकून गार करत होती आणि तिला भरवत होती. दोघींची कपाळं जवळजवळ टेकलेली. बघणाऱ्याचे डोळे निवावेत असं ते दृश्य होतं. डॉक्टरीणबाईंची नजर मात्र बंद खिडकीवर गेली.

त्या आत गेल्या. पडदा सारला, खिडकी उघडली आणि मगच खाली गादीच्या कडेला टेकल्या.

"आजी, तुमचं नाव आमच्या नोंदीत कसं नाही?"

"नसायचंच," आजी म्हणाली. "मी पाहुणी."

"केव्हा आलात?"

"हिच्या बाळंतपणाला."

बाईंनी ठकीकडे बघितलं. बाळंतपणाची ही निष्पत्ती एव्हाना मांडीवरून उतरून त्यांच्या पर्सचा पट्टा ओढत होती आणि पर्स हलत नाही म्हणून रागावत होती.

"म्हणजे दीड वर्ष झालं की."

"झालं असेल. जाईन जाईन म्हणते, राहून जातं." आजीने घसा साफ केला, अगदी हळू, ओठ मिटून. "नावं लिहायला मुलगी आली, विचारलं, घरात कायम कोण राहतं. आता जावयाच्या घरात मी कायम राहते, असं कोणत्या तोंडाने सांगू? मुलगा आहे मला. लोक काय म्हणतील त्याला? मीच हिला म्हटलं, मला मोजू नकोस."

तो 'कायम' शब्द बाईंचा होता. त्या एका शब्दासाठी त्या समितीशी तासभर भांडल्या होत्या. चार दिवसांचे पाहुणेरावळे नोंदीत घुसले तर आकडे बिघडतील, असं त्यांचं म्हणणं होतं. काल रात्री या छपराखाली कोण झोपलं, एवढंच विचारलं असतं तर पुरलं असतं. ते सोडून त्यांनी विचारलं, की तुम्ही कोणाला आपलं म्हणता. त्यांना स्वतःचा मनस्वी राग आला, पण त्या रागाला आत्ता वेळ नव्हता.

"आणि डबी?" त्यांनी विचारलं. "जावयांची ती सकाळची डबी कोणी भरली?"

आजी काही बोलायच्या आधी दारातून लेक म्हणाली, "यांनीच की."

"मी?" बाहेरून ब्रेककाकाचा आवाज आला. तो पलंगावरून उठून दाराच्या जरा अलीकडे उभा राहिला होता. "मी उजाडायच्या आत गाडी काढतो. त्या दिवशी चार वेळा खाकरलो, काही आलं नाही. डबी खिडकीत ठेवून गेलो. नंतर कळलं की डबी गेली, मला वाटलं तू काहीतरी सांगून रिकामीच परत केलीस. मग निकाल आला तर म्हटलं, फोटोत दिसलं असेल काही."

"मी कशाला सांगू? मी अंघोळीहून आले तर डबी गेलेली. मला वाटलं तुम्ही भरून गेलात."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनीही आजीकडे बघितलं.

आजी बोटाला लागलेलं भाताचं शीत पुसत होती. "ही अंघोळीला गेली होती," ती डबीवालीकडे बघत म्हणाली, "आणि ही पोरगी तीन जिने चढून दारात उभी. घामाघूम झालेली. म्हणे, डबी द्या, नाहीतर मला उद्या परत यावं लागेल. दोन दिवस चकरा मारत होती बिचारी. तिला रिकाम्या हाताने कशी पाठवू? म्हटलं, त्यांच्याकडे नसेल तर नसेल, आपल्याकडे कुठे कमी आहे?"

डबीवाली कानापर्यंत लाल झाली. ब्रेककाकाच्या तोंडून हसू निसटलं, आणि निसटल्याबरोबर थांबलं.

"किती दिवस खोकताय?" बाईंनी विचारलं.

"थंडीपासून असेल. न्हाणीत जाऊन खोकते. रात्री आला तर उशीत तोंड घालते. दुसऱ्याच्या घरात झोपमोड कशाला करायची?"

"आई," लेक म्हणाली.

"आजी, त्या डबीत जंतू होते," बाई शक्य तेवढ्या हळू म्हणाल्या. "गोळ्या जावयांना सुरू झाल्या, पण जंतू तुमचे आहेत, असं मला वाटतं. उद्या तुमचा फोटो काढू, परत डबी घेऊ, मग नक्की कळेल. घाबरायचं कारण नाही. हा आजार गोळ्यांनी बरा होतो."

आजी घाबरली नाही. ती हिशेब करत असावी. शाळा, गाडी, पलंग, दारातून बाबा बाबा करणारी पोर, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, कारण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तेवढ्यात ठकी पर्सला कंटाळून परत आली आणि सवयीने तिच्या मांडीवर चढू लागली. आजीने दोन्ही हातांनी तिला धरलं, उचललं आणि हात लांब करून समोर जमिनीवर उभं केलं. मग स्वतः सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली.

ठकीला वाटलं हा नवा खेळ आहे. ती हसत पुन्हा गेली. आजीने पुन्हा तिला लांब केलं. तिसऱ्या वेळी पोरीच्या लक्षात आलं की हा खेळ नाही. तिने भोकाड पसरलं.

कोणालाच हलता येईना. लेकीचे हात पिठाने भरल्यासारखे दोन्हीकडे लोंबत राहिले. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या ब्रेककाकाने विचारलं, "डॉक्टरबाई, मी घेऊ का तिला?"

"घ्या," बाई म्हणाल्या.

त्याने मास्क काढला नाही. आत आला, वाकला आणि पोरीला उचलून छातीशी धरलं. ती त्याला ओळखून एकदम गप्प झाली आणि मास्क ओढून खाली कोण आहे ते बघू लागली. त्याने तिच्या मानेत तोंड खुपसलं. आजी भिंतीशी बसून दोघांकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं की दुसरं कसलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पुढे तपासणीत ठकीची छाती स्वच्छ निघाली, आणि पुढे काही होऊ नये म्हणून तिला रोज एक गोळी गोड पाण्यात विरघळवून द्यायचं ठरलं. ब्रेककाकाच्या नव्या डब्याही कोऱ्या आल्या आणि तो आपल्या बसवर परत गेला. पण त्या दिवशी त्या खोलीत यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी ठकीच्या छातीला नळी लावून ऐकलं, उद्या सगळ्यांनी कुठे यायचं ते सांगितलं, तोवर गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत असं ब्रेककाकाला बजावलं आणि फोन घेऊन जिन्यात आल्या.

"टक्केवारी," त्या म्हणाल्या, "आपण पाहुणे किती सोडले?"

"मॅडम, मोजलेच नाहीत, तर किती ते कसं सांगू?"

"मग परत जावं लागेल. प्रत्येक घरी."

"प्रत्येक?" त्याने कागद चाळल्याचा आवाज इकडे आला. मग म्हणाला, "टक्का हलणार, मॅडम."

"हलू दे."

त्या पायरीवर टेकल्या. बहिणीकडे राहणारे भाऊ, लेकीकडे राहणारे बाप, कामासाठी मित्राच्या खोलीत पडून असणारे, भाडं परवडत नाही म्हणून कोणाच्या तरी गच्चीवर झोपणारे. सगळे तोंड मिटून खोकणारे, आणि कोणी विचारलं की, मी काय, आज आहे उद्या नाही, असं सांगणारे. हवा तर सगळ्यांची एकच, तिथे पाहुणा कोण आणि घरचा कोण? एवढी साधी गोष्ट त्यांना या वयात तीन जिने चढून कळली होती, आणि त्यांना ती लागली.

परत आत गेल्या तर घरात वेगळंच चाललं होतं. आजी कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती. "मुलाकडे जाते," ती बाईंना म्हणाली. "पोरीपासून लांब बरी."

"तिथेही नातवंडं असतील."

"आहेत."

"मग?"

आजीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ब्रेककाका मात्र ठकीला कडेवर घेऊन एका हाताने बाहेरच्या पलंगावरची चादर बदलत होता. त्याने आपला पेला उचलला आणि बायकोला दुसरा, धुतलेला पेला आणायला सांगितलं.

"आई, इकडे या," तो म्हणाला. "उशी या बाजूला ठेवा, म्हणजे रस्ता दिसतो. दुपारी मरणाचा कंटाळा येतो, पण शाळा सुटली की जरा करमणूक होते. घरातलं कोणी जवळ आलं की मास्क, खिडकीकडे तोंड केलं की काढला तरी चालतो. मी सगळा अभ्यास करून ठेवलाय. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मग तुमची नात तुम्हाला. काय, डॉक्टरबाई?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. गोळ्या लागू पडल्या की काही आठवड्यांत आजी कोणाला धोका राहणार नव्हती, हे त्याने अचूक पाठ केलं होतं.

आजी पिशवी छातीशी धरून तशीच उभी. "जावयाच्या पलंगावर मी झोपू? बरं दिसतं का ते?"

"माझ्या नावावर तुमचा खोकला चालला," ब्रेककाका म्हणाला, "आणि पलंग चालत नाही?"

आजीला हसू आलं. पलंगाच्या कडेला ती जेमतेम टेकली, आणि त्या हसण्यामागून खोकला आला. सवयीने तिने ओठ मिटले, डोळे मिटले, खांदे आवळले. पण हसू आणि खोकला दोन्ही एकदम दाबणं तिला जमलं नाही. ती खिडकीकडे वळली आणि खोकू लागली. चौकटीला धरून, वाकून, पोट धरून. छातीच्या तळापासून येणारा तो आवाज भिंतींवर आपटत राहिला. स्वयंपाकघरातून लेक पेला हातात घेऊन धावत आली. ब्रेककाकाने तिला हाताने थोपवलं.

"खोकू दे त्यांना," तो म्हणाला. "थंडीपासून दाबून बसल्यात."

लेक दारातच थांबली. आईच्या पाठीकडे बघत ती ऐकत राहिली. आपल्या घरात आईचा खोकला तिने आज पहिल्यांदा ऐकला होता.